आज काय व्हतास?

३ डिसेंबर, बुधवार. सकाळपासून गॅदरिंगचे कपडे गच्चीवर उन्हात टाकतेय. शाळांच्या याद्या यायला लागल्यात. पहिल्या यादीत आहे : मावळे सहा, पोलीस चार (वय नऊ), झाड एक, मेंढी एक. मावळ्यांची चिंता नाही, माझ्याकडे पंचवीस निघतील. झाडाची एक फांदी उंदरांनी खाल्लीय, ती शिवली की झाड तयार. प्रश्न मेंढीचा आहे. मेंढी आहे माझ्याकडे, पण ती साडेपाच फुटांची आहे.

औरंगपुऱ्यात आमचं ड्रेपरीचं दुकान आहे, म्हणजे नाटक, गॅदरिंग, मिरवणूक, शूटिंग यांना कपडे भाड्यानं द्यायचं. सुरू सासऱ्यांनी केलं, वीस वर्षं चालवतेय मी. खाली दुकान, वर घर. मेंढी ट्रंकेतून काढून झटकत होते, डांबरगोळ्यांचा वास नाकात गेलेला, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मल्हारी बोलतोय. इन्स्पेक्टर हाय का घरी?"

"आहे. हँगरला लावलाय."

"ड्रेस नको. त्याची शिट्टी फक्त पायजे. उद्याच्याला मिळंल का? करमाडच्या अलीकडं हावोत आम्ही."

"शिट्टी कशाला?"

"जालना रोडला गाड्या थांबंनात, ताई."

फोनमध्ये मागं मेंढरं ओरडत होती. मग त्यांच्यावर एक माणूस ओरडला आणि फोन बंद झाला.

मल्हारीभाऊंना तुम्ही पाहिलंय. नाव माहीत नसेल, कुणालाच नसतं. सिनेमात नायकाला "साहेब मीटिंगमधी हायत" म्हणून परत पाठवणारा शिपाई आठवा. मालिकेतले "आम्ही आमच्याकडून पूर्ण प्रयत्न केले" म्हणणारे डॉक्टर. फाशीची शिक्षा सुनावून चष्मा पुसणारे न्यायाधीश, पिकाचा पंचनामा करणारा तलाठी, दर्ग्यातले मुजावर, दुसऱ्याच दृश्यात खून होणारे वकील. हे सगळे मल्हारीभाऊ. मध्यम उंची, मध्यम रंग, डोक्यावर केस आहेत असंही म्हणता येतं आणि नाहीत असंही. टोपी घाला, सरपंच होतात. टोपी काढा, मुख्याध्यापक होतात. चेहऱ्यात लक्षात राहण्यासारखं काही नाही, आणि तेच त्यांचं भांडवल. मी एकदा सहज म्हटलं, "भाऊ, रोल जरा लहानच मिळतात नाही तुम्हाला?" तर म्हणाले, "रोल ल्हान नसतोय, ताई. कॅमेरा लांब असतोय."

छोट्या शूटिंगवाल्यांची एक पद्धत आहे. मोठ्या नटांना कपडे कंपनीचे, आणि गावातल्या नटांना निरोप : ड्रेस आपला आणा. त्यामुळं मल्हारीभाऊ माझ्याकडं येऊ लागले. पहिल्याच दिवशी न्यायाधीशाचा काळा कोट घातला, आरशात पाहिलं नाही, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पुढचं प्रकरण." पुढचं प्रकरण म्हणजे आमचा इस्त्रीवाला. त्यानं माझा एक पेशवाई अंगरखा जाळला होता आणि कबूल करत नव्हता. मल्हारीभाऊंनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कापड जळाल्याचा वास आरोपीच्या सदऱ्याला अजून येतोय." इस्त्रीवाल्यानं तिथंच कबूल केलं. नंतर तो मला म्हणाला, "भाभी, जजसाब को दुकान में बिठाना था तो पहले बोलते."

त्यांचा नियमच होता. ड्रेस अंगावर चढला की परत करीपर्यंत ते तेच. घरी जायचे ते स्वतःच्या कपड्यांत, ड्रेस पिशवीत. पोलिसाचा ड्रेस घालून रस्त्यावर फिरायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पिशवी हातात असेपर्यंत चालणं त्या माणसाचं. पोलिसाची पिशवी असली की गुलमंडीवरचे हातगाडीवाले आपणहून गाड्या मागं घेत.

डॉक्टर असताना मात्र जरा प्रकरण झालं. पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून ते शूटिंगच्या गाडीची वाट बघत दुकानात बसले होते. माझ्या सासूबाई जिना उतरून आल्या. त्यांचं ब्लडप्रेशर तेव्हा कायम वर. तीन खऱ्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, एकाचंही ऐकलं नव्हतं. मल्हारीभाऊंनी त्यांचा हात हातात घेतला, नाडीवर बोटं ठेवली, छताकडं बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "आजी, मीठ सोडा. आम्ही आमच्याकडून पूर्ण प्रयत्न करू." सासूबाईंनी त्या दिवशी पापड-लोणचं बंद केलं. महिन्याभरात ब्लडप्रेशर उतरलं. मी खरं काय ते सांगितलं, तर मलाच म्हणाल्या, "तुला काय कळतंय? बाकीचे डॉक्टर वेळ तरी देतात का?"

पुढं काही दिवसांनी मल्हारीभाऊ भिकाऱ्याच्या कपड्यांत समोर आले. सासूबाईंनी त्यांना ओळखलं. डोळ्यांत पाणी आणून मला हळूच म्हणाल्या, "दवाखाना बुडाला वाटतं बिचाऱ्याचा." आणि भाकरी-पिठलं वाढलं. बिनमिठाचं. भाऊ भिकारीच असल्यामुळं त्यांनी ते आनंदानं खाल्लं.

नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. सिडको बसस्टँडवर रोज कुणीतरी अडवायचं. "तुम्ही आमच्या दिलीपचे सासरे ना?" चेहरा पाहिलेला असायचा, कुठं ते आठवायचं नाही. भाऊ म्हणायचे, "व्हय." मी विचारलं, का म्हणता हो? म्हणाले, "नाय म्हणलं की समोरच्याचं तोंड पडतंय. उगं कुणाचं तोंड कशाला पाडायचं?" अशानं ते एका लग्नात पोचले. मुलीच्या घरच्यांनी रस्त्यातच निमंत्रण दिलं होतं. मंगलाष्टकांची वेळ झाली, नवरीच्या मागं उभं राहायला मामा पाहिजे आणि मामा जालन्याहून निघालेला, चिकलठाण्याला अडकलेला. कुणीतरी मल्हारीभाऊंच्या हातात नारळ दिला. ते उभे राहिले. चौथ्या मंगलाष्टकेला खरा मामा घामाघूम होऊन आला. नवरीच्या आईनं दोघांकडं बघितलं आणि सख्ख्या भावाला म्हणाली, "तू बस आता. हे बरे उभे राहिलेत." टॉवेल-टोपीचा आहेर मल्हारीभाऊंना मिळाला. टोपी मी ठेवून घेतली. चांगल्या टोप्या लागतातच.

पण त्यांची सगळ्यात लांब चाललेली भूमिका म्हणजे फोटो. एका मालिकेत ते नायिकेचे वारलेले वडील होते. त्यांचा फोटो काढला, भिंतीवर टांगला, चंदनाचा हार घातला आणि साडेतीन वर्षं नायिका त्याच्यापुढं दिवा लावून रडली. काम घरबसल्या. पण त्यांची बायको, सुमनबाई, हे ऐकून घेईना. "जित्या माणसाला हार घालत्यात आन तुम्ही हसताय?" तिनं मुकुंदवाडीतल्या आपल्या घरी त्याच फोटोची दुसरी प्रत करून टांगली, बिनहाराची. रोज मालिकेत दिवा लागला की इकडं ती त्यांना त्या फोटोखाली पाटावर बसवायची, दृष्ट काढायची आणि तोंडात चमचाभर साखर घालायची. अशुभ उतरावं म्हणून. मालिका आठवड्यातून सहा दिवस. नायिका रडकी. एकेका भागात तीनतीनदा दिवा लावायची.

साडेतीन वर्षांनी मल्हारीभाऊंना मधुमेह झाला.

"फोटोतला मेला त्याचा तरास मला," ते म्हणाले. तक्रार नव्हती, माहिती होती.

एवढ्या सगळ्या लोकांपैकी खरे मल्हारीभाऊ कोणते, असा प्रश्न मला पडत नसे. मला मापं घ्यायची असत. पण एक गोष्ट ते कुठल्याही ड्रेसमध्ये असले तरी सांगायचे, आणि सांगताना नेहमी एकाच आवाजात सांगायचे. त्यांच्या थोरल्या भावाची.

मल्हारीभाऊ मेंढपाळाच्या घरातले. करमाडच्या पलीकडं आत त्यांचं गाव, पण गावात पावसाळ्यापुरतेच. बाकीचं वर्ष कळपामागं. वडील लवकर वारले, थोरले कोंडीबा यांनी धाकट्याला वाढवलं. त्यांना सगळे बापू म्हणतात. मल्हारीभाऊ एकोणीस वर्षांचे असताना कळप दौलताबादच्या बाजूला होता. बापूंनी त्यांच्या हातात काठी दिली आणि बाजाराला गेले. किल्ल्याखाली कुठल्यातरी ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. तिथला एक माणूस म्हणाला, "ए, सैनिक कमी पडतायत, येतो का?" हे गेले. मिशी चिकटवली, भाला दिला, दिवसभर पळवलं. संध्याकाळी आले तर कळप कोवळ्या ज्वारीत शिरलेला. कोवळी ज्वारी मेंढरांना विषासारखी. अकरा मेंढ्या आडव्या पडलेल्या आणि बापू त्यांच्यामध्ये बसलेले.

बापूंनी वर पाहिलं. भावाच्या ओठावर मिशी होती, सकाळी नव्हती.

"आज काय व्हतास?"

"सैनिक."

"आन मेंढरं कोन बघत व्हतं?"

एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. हातातली काठी काढून घेतली. त्या काठीच्या टोकाला घुंगरू आहेत, कळप त्या आवाजावर चालतो. ती काठी पुढं चाळीस वर्षं मल्हारीभाऊंच्या हातात आली नाही.

ते शहरात आले, कारखान्यात वॉचमन झाले, मग हे सगळं. पण दर नव्या भूमिकेनंतर पेढे घेऊन बापूंकडं जायचे, कळप जिथं असेल तिथं. बापू पेढा खायचे आणि विचारायचे.

"आज काय व्हतास?"

"न्यायाधीश व्हतो, बापू. फाशी दिली एकाला."

"आन मेंढरं कोन बघत व्हतं?"

तलाठी झाले तरी तेच, डॉक्टर झाले तरी तेच. एकदा मंत्री झाले होते. मला वाटलं, मंत्री म्हटल्यावर तरी. पण नाही. परत आले आणि ड्रेस काउंटरवर ठेवत म्हणाले, "ताई, एकदा तेनं काठी हातात द्यावी. मग मी मेलो तरी चालंल. फोटो तयारच हाय."

दोन वर्षांपूर्वी एक सिनेमा आला, मेंढपाळावरच. म्हातारा मेंढपाळ, त्याचा कळप, त्याचा एकटेपणा, असं. शूटिंग दौलताबादच्या उतारावर, आणि कळप ठरला बापूंचा. मल्हारीभाऊ दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी नव्हती. म्हणाले, "ड्रेस नको, ताई. ह्या रोलचा ड्रेस माझ्याकडं जन्मापास्नं हाय."

चाचणीला मी सोबत गेले होते, कारण कपड्यांचं काम मला मिळालं होतं. दिग्दर्शक तिशीच्या आतला, पाठीला पिशवी, बोलायला गोड. मल्हारीभाऊ नुसते उभे राहिले. हात मागं, मान जरा पुढं, नजर लांब.

दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्ही छान आहात, पण तुमचं उभं राहणं शहरी वाटतं. मेंढपाळ असा उभा राहत नाही." मग त्यानं दाखवलं. काठी काखेत, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला, चेहरा आभाळाकडं.

मल्हारीभाऊंनी नीट बघून घेतलं. "साहेब, असं हुबं ऱ्हायलं तर कळप पाटलाच्या हरभऱ्यात जातोय."

त्यांना तलाठ्याचा रोल मिळाला. मेंढपाळाचा रोल मिळाला पुण्याच्या एका मोठ्या नटांना. ते खरंच मोठे नट होते आणि सभ्यही. सेटवर आल्याआल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे चावतात का?"

त्यांची घोंगडी मी चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली. काठी कलाविभागानं केली, पॉलिश लावून. बापूंना कॅमेऱ्याच्या मागं बसवलं, कारण ते चित्रात शोभत नव्हते. त्यांच्या अंगात नायलॉनचं जॅकेट आणि डोक्यावर शेंद्र्याच्या कुठल्यातरी कारखान्यानं फुकट वाटलेली टोपी होती. घोंगडी खांद्यावर होती, पण टोपीपुढं ती कुणाला दिसली नाही.

आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की मेंढरं फार मळकी दिसतायत. शूटिंगच्या आदल्या दिवशी बापू जेवायला गेलेले असताना कलाविभागानं टँकर लावून सबंध कळपाला शांपूनं आंघोळ घातली.

मेंढी आपलं कोकरू वासानं ओळखते. माणूस आपला की परका तेही वासानंच. सकाळी साठसत्तर मेंढरांना एकच वास येत होता, गुलाबाचा. आया कोकरांना लाथा मारत होत्या. कोकरं मोठ्या नटांच्या मागं लागली होती, कारण त्यांनीही गुलाबाचंच काहीतरी लावलं होतं. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या मुलानं कानावरचं काढून खाली ठेवलं. मोठे नट ठरल्याप्रमाणं "चला रे लेकरांनो" असं आर्त म्हणाले. एक मेंढरू हललं नाही. मग शिंगं खाली करून एडका हलला, त्यांच्या दिशेनं. त्या दिवशी पुढं शूटिंग झालं नाही.

बापू उठताना फक्त म्हणाले, "माज्या पोरींना बाजारात बसिवल्यागत केलं."

दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "बापू, तुमची ती घुंगरांची काठी आमच्या सरांना द्याल का? एका शॉटपुरती."

"काठी म्हंजी काय माईक हाय का, ह्याच्या त्याच्या हातात द्याया?"

तेव्हा मल्हारीभाऊ पुढं आले. अंगात तलाठ्याचा सफारी होता, त्यामुळं आवाज तलाठ्याचा निघाला. "एक प्रस्ताव आहे." प्रस्ताव असा की आता कळपात कळपाचा वास उरलाय फक्त बापूंच्या घोंगडीला. ती पांघरून एक माणूस मेंढरांच्या मधोमध रांगत गेला, आतून हाळी दिली आणि घुंगरू वाजवले, तर मेंढरं त्याच्यामागं जातील. मोठ्या नटांनी नुसतं मागनं चालायचं. माणूस दिसू नये म्हणून त्याला वरून मेंढीचा ड्रेस घालायचा.

सगळे माझ्याकडं वळले.

माझ्याकडं मेंढ्या दोन होत्या, गॅदरिंगच्या, पांढऱ्या फरच्या, इयत्ता तिसरीच्या मापाच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही उसवल्या, एकीला दुसरी जोडून एक मोठी केली आणि आपल्याकडची मेंढरं काळी म्हणून तपेल्यात काळ्या रंगाच्या पुड्या टाकून बुडवली. रंग निळसर आला. दुपारी उतारावर एका झुडपाआड मल्हारीभाऊंना बापूंच्या घोंगडीसकट आत घातलं आणि पाठीवरून दाभणानं शिवून टाकलं. चेन लावायला वेळ नव्हता. साठीला आलेला, मधुमेह असलेला माणूस चार पायांवर उभा राहिला आणि मला म्हणाला, "ताई, शेपटी जरा डावीकडं जातीय."

बापूंनी फेरी मारून पाहिलं. "हे आजारी मेंढरू हाय," म्हणाले.

घोंगडी त्यांनी दिली होती. काठी दिली नव्हती. काठी छातीशी धरून ते दगडावर बसले. मल्हारीभाऊंनी आतून हाळी दिली. चाळीस वर्षांनी, पण बरोबर निघाली. मेंढरांनी माना वर केल्या, दोन पावलं आली आणि थांबली. पुन्हा हाळी. पुन्हा दोन पावलं. घुंगरांशिवाय त्यांचा भरवसा बसत नव्हता. ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शक घड्याळाकडं, आभाळाकडं आणि माझ्याकडं बघत होता. उद्यापासून मोठ्या नटांच्या तारखा नव्हत्या.

मल्हारीभाऊ चार पायांवर रांगत बापूंसमोर गेले. काही मागितलं नाही. तसेच थांबले, मेंढीच्या तोंडातून वर बघत.

बापूंनी त्यांच्याकडं बघितलं.

"हुबा ऱ्हा," ते म्हणाले.

"आं?"

"हुबा ऱ्हा म्हणतो. मेंढराच्या हातात काठी देत नसत्यात."

मल्हारीभाऊ उभे राहिले. माझी शिवण दोन जागी गेली. निळसर मेंढी दोन पायांवर उभी, कान लोंबतायत, शेपटी डावीकडं. बापूंनी दोन्ही हातांनी काठी पुढं केली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण मला सुईत दोरा ओवायचा होता.

शॉट एकदाच घेतला. घुंगरू वाजले, हाळी आली आणि सगळा कळप एका निळ्या मेंढीमागून उतारावरून ओघळला. मागनं मोठे नट, चेहरा आभाळाकडं. पुढं सिनेमा आला तेव्हा कुणीतरी छापलं की नटवर्य मेंढरांशी एकरूप झालेत. तो सिनेमा मिळाला तर बघा. सगळ्यात पुढची मेंढी जरा थोराड आहे.

शॉट संपल्यावर मी शिवण उसवली, आतली घोंगडी खाली पडली. मल्हारीभाऊ घामानं निथळत होते, गुडघे सोललेले. बापू जवळ आले. मला वाटलं, काठी न्यायला आले.

"आज काय व्हतास?"

"मेंढरू."

"आन मेंढरं कोन बघत व्हतं?"

मल्हारीभाऊंनी मागं वळून कळपाकडं बघितलं. कळप त्यांच्यामागं उभा होता, सगळा, कोकरांसकट.

"मीच की."

बापूंनी खाली वाकून घोंगडी उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि चालू लागले. काठी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मल्हारीभाऊ ड्रेस परत करायला आले. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पिशवी अजून हातातच होती, त्यामुळं आधी त्यांनी मेथीची एक काडी उचलून खाल्ली आणि मग पिशवी काउंटरवर ठेवली. "डॉक्टर अशक्त झालेत," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून ते कळपावर आहेत. बापूंचे गुडघे गेलेत, ते पुढच्या मुक्कामाला टेम्पोतून जातात. सुमनबाई बिनहाराचा फोटो घेऊन महिन्यातून दोनदा भेटायला जाते. फोटो का नेते, कोण जाणे. शूटिंगवाले अजून मला फोन करतात : एक न्यायाधीश पाहिजे, एक वारलेले आजोबा पाहिजेत. मी सांगते, ते कामात आहेत.

गुरुवारी सकाळी शिट्टी पर्समध्ये टाकली आणि स्कूटर काढली. शेंद्रा मागं टाकलं, करमाडच्या अलीकडं रस्ता अडलेला दिसला. मी कडेनं पुढं गेले. एका शेतात रात्रभर लेंडीखतासाठी बसवलेला कळप आता रस्ता ओलांडून पलीकडं निघाला होता. डांबरी रस्त्याच्या मधोमध मल्हारीभाऊ. अंगात जॅकेट, डोक्यावर कारखान्याची टोपी, डाव्या हातात काठी, उजवा हात पुढं. तो हात इन्स्पेक्टरचा होता. पण इन्स्पेक्टरला कुणी भीत नव्हतं, गाड्या इंचाइंचानं पुढं सरकत होत्या.

मी शिट्टी दिली. त्यांनी एकदाच वाजवली. पहिला ट्रक जागच्या जागी थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली, टोपी बघितली, जॅकेट बघितलं, तोंड बघितलं, आणि त्याचा हात आपोआप कपाळाला गेला.

"साहेब, तुम्ही मुकुंदवाडी चौकीला होता ना?"

"व्हय," मल्हारीभाऊ म्हणाले.

पलीकडच्या बांधावर बापू टेम्पोची वाट बघत बसले होते. मी रामराम केला. त्यांनी रस्त्याकडं हनुवटी करून म्हटलं, "आता कुठं जरा कामाला लागलाय."

शेवटचं कोकरू उतरल्यावर मल्हारीभाऊंनी हात खाली केला आणि घुंगरू वाजवत बांधावरून चालू लागले. मागं वळले नाहीत. कळपाच्या पुढं चालणाऱ्याला मागं वळता येत नाही, कळप थांबतो.

साडेदहाला दुकान उघडलं. इन्स्पेक्टरच्या चिठ्ठीवर 'शिट्टी नाही' असं लिहिलं आणि मेंढी उसवायला घेतली.